तांबड्याच्या हाकेवरची बैठक

पलूसच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठच्या एका गावात सयाजीच्या घराला काठीचा मान होता. काठी म्हणजे जोतिबाची सासनकाठी. घराच्या वळचणीला आडवी टांगली तरी दोन्ही टोकांनी बाहेर येणारा लांबलचक वेळू, त्याला गुंडाळलेलं रंगीत कापड, शेंड्याला निशाण आणि निशाणाखाली घुंगरांचा झुबका. चैत्रात अशी काठी नाचवत डोंगराला न्यायची, हे इतर गावांसारखंच. पण या गावाची एक स्वतःची खोड होती. निघायच्या आधी देवळासमोर काठीनं सलामी द्यायची. ज्याच्या हाती काठी, त्यानं तिचं बूड कमरेच्या पट्ट्यात घ्यायचं, उभ्या काठीसकट पार टाचांवर बसायचं आणि तसंच उठायचं. चार बाजूंनी चार जण दोर धरून तोल राखत. वजन मात्र एकट्याच्या मांड्यांवर. तेवढा वेळ हलगी थांबायची, आणि शेंड्याचं घुंगरू वाजता कामा नये. वाजलं तर देवानं सलामी घेतली नाही, असा अर्थ लावायला गाव टपलेलंच असायचं.

सयाजीच्या आज्यानं ही सलामी दिली, बापानं दिली, आणि बापाच्या पाठीमागं सयाजीनंही दिली. मग लढाई सुरू झाली. त्या दिवसांत गावातली तरणी पोरं दोनच ठिकाणी सापडायची. एक तर सरकारच्या पलटणीत, नाहीतर सरकार मागं लागलंय म्हणून उसात. सयाजी पलटणीत गेला.

इटलीत तो गुडघा मोडून घेऊन आला. लढाईत नव्हे, घाटात लॉरी उलटली आणि तो खाली सापडला. गावाला हे फारसं आवडलं नाही. एवढ्या लांब जाऊन लॉरीखाली सापडायचं, तर मग सांगली काय वाईट होती, असं लोक म्हणत. म्हणून त्याची आई रंगूबाई विचारणाऱ्या प्रत्येकाला गोळी लागली म्हणून सांगायची. सयाजीनं दोनदा खरं सांगून पाहिलं, मग त्यानंही नाद सोडला.

हाड जुळलं, पण पाय कित्येक महिने प्लास्टरमध्ये राहिला होता. तो बाहेर आला तेव्हा डावी मांडी उजवीच्या निम्मी भरेल अशी झाली होती. सयाजी धोतर सोडून विजार घालायला लागला, ते काही पलटणीच्या ऐटीनं नव्हे.

तो नसताना काठी त्याच्या चुलतभावानं, अर्जुनानं धरली होती. शेहेचाळीस सालच्या चैत्रातही त्यानंच धरली. अर्जुना सरळ माणूस होता, त्यानं सलामी चांगली दिली, आणि सयाजी काठीला टेकून, म्हणजे हातातल्या साध्या काठीला टेकून, ती बघत उभा राहिला. अर्जुनाची आई बनुबाई मात्र त्या दिवशी जरा जास्तच ताठ चालत होती.

डोंगरावरून परत आल्यावर नानासोंनी बैठक बोलावली. जत्रेच्या गोष्टीत नानासोंचा शब्द शेवटचा.

"सयाजी, गड्या, तुजा मान कुनी हिसकून घेत न्हाई," ते म्हणाले. "पर द्येवानं तरी किती वाट बगायची? फुडल्या चैताला तू सलामी दे. न्हाई जमलं, तर काठी अर्जुनाच्या वळचणीला जाईल."

"आवं नाना, जमंल की," सयाजी म्हणाला.

घरी येऊन त्यानं वर बघितलं. वळचणीला काठी होती आणि तिच्याखाली रंगूबाईनं लावलेली पणती होती. ती काठी तिथं नाही, नुसते दोन खुंटे आहेत, असं चित्र डोळ्यांपुढं आलं आणि त्याला चक्क भीती वाटली. इटलीत वाटली होती त्याहून जास्त.

काठी गेली की ती पुन्हा येत नाही, हे त्याला माहीत होतं. असे मान एका दिवसात जातात आणि पिढ्यांनीही परतत नाहीत.

मांडी भरायची तर बैठका मारायच्या, एवढं या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि बैठकांत सयाजीचं नाव होतं. लढाईआधी तालमीत तो इतक्या झपाट्यानं बैठका काढायचा की मोजणारा चुकायचा. इथं पैलवानाची किंमत आकड्यावर. अमक्यानं पाचशे मारल्या म्हटलं की लोक माना डोलावतात. कशा मारल्या हे कुणी विचारत नाही. तेव्हा सयाजीनं तेच केलं, जे त्याला येत होतं. पावसाळाभर तो घरातल्या गोठ्यात बैठका मारत राहिला. धपकन खाली, गपकन वर. शिवाय पलटणीत शिकलेला ठेका होता, एक दो, एक दो. आकडा वाढत गेला. बातमी तालमीत पोचली. सयाजी पुन्हा पहिल्यासारखा झाला, असं लोक बोलायला लागले.

त्याच्या बायकोचा, अंजनाचा, बोलण्यावर विश्वास नव्हता. ती वाकळा शिवायची. वाकळेचा जाड दोरा तिनं त्याच्या चांगल्या मांडीभोवती गुंडाळून तोडून घेतला होता. मग तोच दोरा वाळल्या मांडीभोवती धरून जिथं टोक आलं तिथं गाठ मारली होती. दर अमावास्येला ती दोरा काढायची. पावसाळा सरला तरी गाठ होती तिथंच होती. उलट चांगल्या मांडीला दोरा पुरेना.

"उजवा पाय जाडजूड झालाय," ती म्हणाली. "डावा हाय तसा."

"मग आनि वाढवतो बैठका."

"वाढवा. उजवा आनि फुगंल."

सयाजीला राग आला, कारण ती खरं बोलत होती. झपाट्यानं खाली गेलं की खालच्या धक्क्यानंच अंग चेंडूसारखं वर येतं, आणि उरलेलं काम उजवा पाय उरकून टाकतो. डावा नुसता सोबतीला. घाईत कोण काम करतंय आणि कोण नुसतं उभं आहे हे समजत नाही. लग्नघरात जसं असतं तसंच. सयाजीला हे असं मांडता आलं नसतं, पण रात्री झोपताना त्याचा हात डाव्या मांडीवर जायचा आणि तिथलं सैल कातडं चाचपून परत यायचा.

दसरा झाला आणि विहिरीवर मोट सुरू झाली. सयाजी पलटणीत गेल्यापासून मोट अंजना हाकायची. बाईनं मोट हाकायची म्हणून गावानं आधी नाकं मुरडली, मग गावाला सवय झाली. हरण्या आणि तांबड्या हे दोन बैल आता तिच्याशिवाय कुणाचं ऐकत नसत. बैल उतारावरून खाली गेले की नाड्याच्या जाड दोराला बांधलेली चामड्याची मोट भरून वर यायची आणि दगडी थारोळ्यात ओतायची. मग बैलांना मागं सरत पुन्हा वर यायला लावायचं, की रिकामी मोट खाली. मागं सरणं बैलाला आवडत नाही. त्यासाठी अंजनाची हाक होती. "सर रं तांबड्याऽऽ" म्हणून ती एक श्वास पुरेल इतकी लांबवायची, आणि लगेच "ये रं हरण्याऽऽ" म्हणून दुसरा. त्या दोन हाकांवर बैल पाऊल पाऊल मागं येत.

घरी गोठ्यात त्याला बैठका मारताना पाहून रंगूबाई डोळे पुसायची. तालमीत गेलं तर लोक मांडीकडं बघत. म्हणून सयाजी बैठका मारायला विहिरीवर यायला लागला. थारोळ्याच्या बाजूला सावलीत उभा राहून तो आपला सुरू, एक दो, एक दो, हुंकारांसकट.

बैलांना हे पसंत पडलं नाही. आधी हरण्यानं कान टवकारले, मग तांबड्या बिचकला, आणि दोघं उतारावर घाई करायला लागले. मोट वर येईतो हिंदकळून निम्मी सांडू लागली. दोन दिवस अंजनानं सोसलं. तिसऱ्या दिवशी तिनं बैल थांबवले.

"आवं, एक तर दुसरीकडं जाऊन मारा," ती म्हणाली, "न्हाई तर माज्या चालीनं मारा. ऊस वाळाय लागलाय माजा."

"तुज्या चालीनं म्हंजी?"

"मोट खाली तवा खाली. मोट वर तवा वर. आनि तोंडानं गप."

सयाजीला दुसरी जागा नव्हती. आणि बायकोनं सांगितलेलं करायचं तर ते इतकं तंतोतंत करायचं की तिलाच पश्चात्ताप व्हावा, हा नवऱ्यांचा जुना डाव त्यालाही ठाऊक होता. त्यानं अक्षरशः तसंच केलं. मोट विहिरीच्या तळाला जाईपर्यंत तो खाली जात राहिला आणि ती वर येईपर्यंत वर. दोन मोटा जेमतेम झाल्या, तिसरीला तो मध्येच लटपटून थारोळ्यात बसला. गुडघा सुजला. पुढचे काही दिवस तो खाटेवर आणि अंजनाचे शेकाचे तांबडे फडके त्याच्या पायावर. अति तिथं माती म्हणतात, ती अशी.

पण त्या दोन मोटांत एक गोष्ट झाली होती. डावी मांडी जळजळली होती. पावसाळाभर शेकड्यांनी बैठका मारून ती कधी जळजळली नव्हती. खाटेवर पडल्या पडल्या सयाजी याचाच विचार करत होता.

सूज उतरल्यावर तो पुन्हा विहिरीवर आला. या वेळी त्यानं मोटेकडं बघितलं नाही, हाकेकडं कान दिला. "सर रं तांबड्याऽऽ" एवढ्यात खाली. "ये रं हरण्याऽऽ" एवढ्यात वर. मध्ये थांबणं नाही, आपटणं नाही, उसळी नाही. बैल उताराला लागले की त्याला विसावा. हे त्याला पेलत होतं, पण जेमतेम. खाली जाताना उजव्या पायावर झुकायला गेलं की अंग वाकडं झालेलं लगेच समजायचं, कारण चोरी लपवायला घाईच नव्हती. थोड्याच बैठकांत दोन्ही मांड्या थरथरायच्या आणि घाम उजव्या अंगाला नाही, डाव्या अंगाला आधी फुटायचा.

आकडा मात्र पार घसरला. पाचशेवाला सयाजी आता किती मारतो म्हणून कुणी विचारलं, तर तो पाण्याच्या पाळीचं बोलायला लागायचा. एकदा अर्जुना विहिरीवरून जाताना थांबला आणि बराच वेळ बघत राहिला.

"दादा, बरं न्हाई का?" त्यानं काळजीनं विचारलं.

"बरं हाय की."

"न्हाई, लय सावकाश चाललंय म्हनून म्हटलं."

अर्जुनानं हे वाईट हेतूनं घरी सांगितलं नाही. पण बनुबाईनं ते वाईट हेतूनं पाणवठ्यावर सांगितलं. सयाजी बायकोच्या हाकेवर उठबस करतो, बैलांच्या संगतीला तिसरा बैल झालाय, अशी गोष्ट गावभर झाली. तालमीतली पोरं त्याला बघून "सर रं" म्हणायला लागली. सयाजीला ते झोंबलं. त्या दिवशी संध्याकाळी त्यानं गोठ्यात जाऊन जुन्या झपाट्यानं बैठका मारल्या, थकेपर्यंत, नुसत्या आपल्याला अजून येतात एवढं बघायला. येत होत्या. मांडीला काहीच झालं नाही. ती पुन्हा नुसती सोबतीला. सयाजी गोठ्यात कडब्यावर बसून राहिला आणि मग आपल्या आपणच हसला. लोकांना आकडा दाखवावा, की देवाला मांडी? दुसऱ्या दिवशी तो विहिरीवर हजर होता.

मार्गशीर्षाच्या अमावास्येला अंजनानं दोरा काढला. गाठ सरकली होती. फार नाही, बोटाच्या पेराएवढी. तिनं दोनदा मोजलं आणि नवीन गाठ मारली. त्या रात्री जेवणात भाकरीवर लोण्याचा गोळा मोठा होता, एवढाच त्या दोघांतला उत्सव. पौषात गाठ आणखी सरली. मग नेहमीच्या बैठकांनी मांडी जळजळेना, तेव्हा सयाजीनं खांद्यावर बैलाचं जू घेतलं, तीच हाक, तीच चाल. फाल्गुनात तो मोटेचा भिजलेला नाडा गुंडाळून खांद्यावर घ्यायला लागला. डावी मांडी उजवीएवढी झाली नाही, ती पुढंही कधी झाली नाही. पण गाठ आणि टोक यांच्यात आता चिमूटभर अंतर होतं.

सत्तेचाळीसचा चैत्र आला. देवळासमोर गाव गोळा झालं. बाप्ये पुढं, बायका पाराच्या अंगाला. सयाजीनं कमरेला पट्टा आवळला, चौघांनी दोर धरले, काठी उभी राहिली आणि तिचं वजन त्याच्या कमरेतून मांड्यांत उतरलं. नानासोंनी हात वर केला. हलगी थांबली.

आणि इथंच घोटाळा झाला. इतके महिने त्यानं एकही सावकाश बैठक शांततेत मारली नव्हती. मोटेच्या चाकाची करकर असायची, पाणी ओतल्याचा आवाज असायचा, हाक असायची. इथं काहीच नव्हतं. किती वेळात खाली जायचं हेच त्याच्या अंगाला आठवेना. तो अर्धा वाकला आणि अडकला. जुनं अंग म्हणत होतं, धपकन बस आणि उसळ. तसं केलं असतं तर तो नक्की उठला असता, आणि शेंडा फटका खाल्ल्यासारखा हलून घुंगरं गावभर वाजली असती. त्याचं वजन उजव्या पायावर सरकायला लागलं. काठी तसूभर कलली. दोरवाल्यानं दोर ताणला. वर शेंड्याला घुंगरं हलली, अजून वाजली नव्हती.

पाराकडून हाक आली.

"सर रं तांबड्याऽऽ"

मोठी नव्हती. पण विहिरीवरचीच होती. गावाच्या सुनेनं, डोक्यावरचा पदर तसाच ठेवून, देवासमोर, नानासोंच्या देखत नवऱ्याला बैलाच्या नावानं हाक मारली होती. कुणीतरी फिसकन हसलं. सयाजीनं ते ऐकलं नाही. हाक त्याच्या गुडघ्यांत उतरली, वजन दोन्ही पायांवर आलं, आणि ती संपली तेव्हा तो टाचांवर बसलेला होता.

"ये रं हरण्याऽऽ"

तो उठला. जसा रोज उठायचा तसाच, घाई नाही, थांबणं नाही. डावी मांडी थरथरत होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. काठी सरळ वर आली. घुंगरं गप्प होती.

हलगीवाला वाजवायचं विसरून गेला होता.

"अगं बया, न्हवऱ्याला बैल केलंस की," बनुबाई मोठ्यानं म्हणाली, आणि आता सगळं गाव हसलं.

"बैलच हाय माजा ल्योक," रंगूबाई तिथूनच म्हणाली. "म्हनून वझं पेललं."

आता प्रश्न नानासोंपुढं आला. बाईनं मध्ये हाक मारली, तर सलामी धरायची का नाही? दोघातिघांनी नाही म्हटलं. नानासोंनी दोरवाल्या चौघांना विचारलं, घुंगरू वाजलं का? त्यांतला एक अर्जुना होता. बनुबाई त्याच्याकडं बघत होती.

"न्हाई वाजलं," अर्जुना म्हणाला.

"मग द्येवानं घेतली," नानासो म्हणाले. "बाकीचं द्येव आनि सयाजी बघून घेतील."

सयाजीला लाज वाटली, आणि आनंदही झाला. आनंद इतका की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दोन्ही हातांत काठी असल्यामुळं ते पुसता आलं नाही. वेशीच्या बाहेर त्यानं काठी आपण होऊन अर्जुनाच्या पट्ट्यात दिली. गुडघा डोंगर चढण्याएवढा कधीच झाला नाही. परत आल्यावर काठी आपल्या जुन्या खुंट्यांवर गेली.

पुढल्या वर्षी अंजना बाळंतीण होती. विटाळ म्हणून ती देवळाकडं येणार नव्हती, आणि हे सयाजीच्या ध्यानात आलं तेव्हा काठी कमरेला लागलेली होती. हलगी थांबली. तो पाराकडं बघणार नव्हता, तरी बघितलं. बायकांत अंजनाची जागा रिकामी होती. सगळं गाव वाट बघत असल्यासारखं गप्प होतं. एकदोघींनी तोंड उघडलं आणि लाजून मिटलं.

मग बनुबाईनं पदर खोचला. तिला मोट हाकायची सवय नव्हती, आवाजही घोगरा होता. पण तिनं श्वास भरून घेतला आणि तो पुरेपर्यंत सोडला.

"सर रं तांबड्याऽऽ"

सयाजी खाली गेला. "ये रं हरण्याऽऽ" बनुबाईनं पुन्हा श्वास भरला, आणि तो वर आला. घुंगरं वाजली नाहीत. काठी नंतर अर्जुनाच्या पट्ट्यात देताना त्यानं चुलतीकडं बघितलं, तर ती दुसरीकडंच बघत होती.

एकोणपन्नासाच्या चैत्रात सलामीला सगळ्याच बायका ओरडल्या. परगावचे पाहुणे आले होते, त्यांनी गुरवाला ही हाक कसली म्हणून विचारलं. गुरवानं सांगितलं की तांबड्या आणि हरण्या ही देवाच्या घोड्यांची नावं, फार जुनी चाल आहे. अंजना मूल कडेवर घेऊन जवळच उभी होती. तिनं मूल दुसऱ्या कडेवर घेतलं. विहीर तिथून फार लांब नव्हती. मळ्यात राखणीला थांबलेल्या माणसानं नंतर सांगितलं की गावातून तो गलका आला तेव्हा म्हातारा तांबड्या बाभळीखाली रवंथ करत बसला होता. तो उठला, दोन पावलं मागं सरला, आणि मागं मोट नाही बघून पुन्हा बसला.